लोखंडी पलंगाची चाकं दर दोन वर्षांनी का मोडतात? नवीन कशी बसवावीत?

रामबागकर

मंडळी, प्रश्न किरकोळ वाटेल, पण आमच्या घरी यावरून रोज सकाळी सव्वासातला भांडण होतं.

आईचा पलंग लोखंडी आहे. सव्वासहा बाय चार, पाय एक इंची गोल पाइपचे, वर प्लायचा तक्ता. गल्लीतल्याच वेल्डिंगवाल्याने १९९८ साली बनवून दिलेला. खोली लहान, त्यामुळे पलंगाची एक लांब बाजू भिंतीला टेकलेली. केर काढायला आणि चादर खोचायला तो रोज दीड हात बाहेर ओढावा लागतो. म्हणून सहा वर्षांपूर्वी इथल्या, इंदूरच्या सियागंज बाजारातून चार चाकं आणली. दोन इंची, काळी, गोल फिरणारी, वर पिन असलेली. पायाच्या पाइपात प्लॅस्टिकचं बूच ठोकायचं आणि त्यात पिन दाबायची, एवढंच काम.

सहा वर्षांत हा तिसरा संच. काल चौथ्यांदा एक पाय बसला. बूच उभं चिरलंय, पिन तिरकी झालीय आणि पाइपाचं तोंड तळताना फुटलेल्या करंजीसारखं उघडलंय. चाक स्वतः मात्र ठणठणीत! बोटाने फिरवलं तर भिंगरीसारखं फिरतं.

शिवाय ब्रेक लावूनही पलंग डुलतो. आई (वय ७८) उठायला लागली की तो इंचभर हलतो आणि तिचा जीव वर-खाली होतो. तिसरं म्हणजे, फिकट टाइलवर चाकांच्या जागी चार तपकिरी डाग पडलेत, ते कशानेही जात नाहीत.

आता पाय कापून नवीन करून घ्यायचं ठरवलंय. लोहा मंडीजवळचा एक कारागीर तयार आहे, पण तो म्हणतो, "भिया, चक्का भारी वाला लगा लो, झंझट खतम." मला ते पटत नाही. चाक मोडतच नाहीये, मोडतंय ते त्याच्या वरचं. जाणकारांनी सांगावं.

चक्रधर

आयडीला जागून पहिला प्रतिसाद माझाच. जागा पकडून ठेवतो, ज्ञान नंतर.

निवांत_नाना

इंदूर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलं, ते तुमच्या मातोश्रींच्या पलंगाखालच्या केरामुळे, हे आज कळलं. चालू द्या.

सुलू_वडोदरा

आमच्याकडे हुबेहूब हेच. फक्त आम्ही चाकं काढून रबरी बूट घातले आणि ओढणं बंद केलं. पलंगाखाली लांब दांड्याचा झाडू जातो. चादर मात्र भिंतीकडून खोचली जात नाही, ती तशीच लोंबते. पाहुणे आले की त्या बाजूला उशा रचते.

डागांबद्दल: काळं रबर फिकट फरशीवर फार दिवस एका जागी दाबून राहिलं की त्यातलं काहीतरी फरशीत उतरतं. आमच्या फ्रिजच्या स्टँडखाली तसंच झालंय. घासून उपयोग नाही, डाग वर नसून आत असतो.

पोलोग्राउंड

रामबागकर, तुमचं निदान बरोबर आहे. कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, त्या हिशोबाने चार गोष्टी सांगतो. लांबेल.

पलंगावर माणूस झोपला की वजन सरळ खाली जातं. पाय, पिन, चाक, फरशी. उभ्या वजनाला ती पिन काही कमी नाही. गडबड होते ओढताना. फिरतं चाक नीट पाहा: त्याचा आस पिनेच्या बरोबर खाली नसतो, थोडा मागे असतो. म्हणून तर ते ओढाल तिकडे वळतं, बैलगाडीच्या मागे बांधलेल्या वासरासारखं. पण भिंतीकडे ढकललेला पलंग पुन्हा बाहेर ओढला की चाराही चाकांना आधी अर्धं वर्तुळ फिरून उलटं व्हावं लागतं. त्या क्षणी ती आडवी असतात, गडगडत नाहीत, फरशीवर घासतात. टाइलच्या सांध्यात अडकलं तर संपलंच. तेव्हा सगळा जोर पिनेवर आडवा येतो.

आता हिशोब करा. अशा पिना साधारण २२ मिमी आत जातात (ऑफिसच्या खुर्चीची पिन ११ मिमी जाड आणि २२ मिमी लांब, तुमची तीच जात असणार). चाक खाली ६० मिमी लोंबतंय. खाली वीस किलोचा आडवा धक्का बसला तर वर त्या इवल्याशा बुचाच्या काठावर तिपटीहून जास्त दाब येतो. पहार घालून दगड उचकटतो ना, तेच. इथे दगड म्हणजे तुमच्या पायाचं तोंड. रोज एकदा, सहा वर्षं. प्लॅस्टिक चिरणारच, आणि पाइप १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास असेल तर तोही फाकणार.

कारागीर म्हणतो तसं भारी चाक त्याच पिनेवर लावलंत तर चाक मोठं, पहार लांब. आणखी लवकर फाकेल.

म्हणून पिन सोडा. प्लेटवालं चाक घ्या, म्हणजे वर पिनेऐवजी चार भोकांची प्लेट असलेलं. पायाच्या तळाला ५ मिमीची चार बाय तीन इंची पट्टी वेल्ड करायची, दोन बाजूंनी तिकोनी आधार द्यायचे आणि चाराही भोकांतून बोल्ट. आडवा धक्का मग एका बुचाऐवजी चार बोल्टांत वाटला जातो.

ब्रेक लावून डुलण्याचं कारण वेगळं आहे. साधा ब्रेक फक्त चाकाचं गडगडणं अडवतो. चाक पिनेभोवती फिरायला मोकळंच राहतं, तेवढा इंचभर पलंग हलतो. दोन्ही अडवणारा ब्रेक वेगळा मिळतो, दुकानदाराला "टोटल लॉक" म्हणा.

चक्रधर

बैलगाडीमागचं वासरू वाचून डोळे पाणावले. टूलरूमवाल्यांना दंडवत.

केतकी_इंदूर

पोलोग्राउंड काका, सगळं पटलं. एक विचारू का? रामबागकर, पलंग रोज ओढतं कोण?

रामबागकर

@केतकी_इंदूर कामाच्या मावशी. त्या नसतील तर बायको. (पुढचा प्रश्न कळला. मी तेव्हा दूध आणायला गेलेला असतो.)

केतकी_इंदूर

तेच. आणि मावशी पलंग कसा ओढतात हे तुम्ही कधी पाहिलंय का? एका हातात झाडू. दुसऱ्या हाताने पायथ्याचा कोपरा धरून तिरका खेचतात. लांब बाजूच्या मधोमध उभं राहून दोन्ही हातांनी कुणी ओढत नाही. म्हणजे एक कोपरा बाहेर, दुसरा तिथेच, चार चाकं चार दिशांना. तुमचं मोडणारं चाक कायम पायथ्याचंच असतं ना?

रामबागकर

आत्ता आठवून पाहिलं. चारपैकी तीन वेळा पायथ्याचं, बाहेरच्या बाजूचं. दंडवत तुम्हालाच.

सिस्टर_ग्वाल्हेर

मी निवृत्त परिचारिका. हॉस्पिटलच्या पलंगांबरोबर आयुष्य गेलं, म्हणून लिहिते.

वॉर्डातले चांगले पलंग सव्वाशे किंवा दीडशे मिमीच्या चाकांवर असतात, म्हणजे पाच-सहा इंची. पायथ्याला पायाने दाबायचा दांडा असतो आणि तो एक दाबला की चाराही चाकं एकदम अडकतात, कारण पलंगाखालून आडव्या सळया गेलेल्या असतात. दांड्याच्या तीन जागा: खाली दाबला की सगळं बंद, मधे ठेवला की सगळं मोकळं, वर उचलला की एकच चाक सरळ दिशेत अडकतं आणि बाकीची तीन मोकळी. ही तिसरी जागा नव्या मुलींना माहीतच नसायची. लांब कॉरिडॉरमध्ये पलंग वाकडातिकडा पळायचा आणि दोघी-तिघी घामाघूम. एक चाक सरळ बांधलं की तोच पलंग एकटीने नेता येतो.

दुसरं, केस. बाईमाणसाच्या घरात चाकाच्या आसावर केस आणि दोरे गुंडाळले जातात. आम्ही महिन्यातून एकदा कापडपट्टीच्या कात्रीने कापून काढत असू. एकदा निघालेला गुंडा लिंबाएवढा होता. चाक फिरत नाही, घसटत जातं, त्याला निम्म्या वेळा हेच कारण.

तिसरं आणि महत्त्वाचं. आजींच्या पलंगाची उंची आधी ठरवा, चाक नंतर. त्या काठावर बसल्या की गादी दबून पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे आणि गुडघा काटकोनात आला पाहिजे. मोठं चाक लावून पलंग दोन इंच उंच झाला तर उतरताना पाय लोंबतील. नव्या चाकाने जेवढी उंची वाढेल तेवढा पाय कापून घ्या. कापण्याआधी चाक हातात घेऊन मोजा, अंदाजाने नको.

निवांत_नाना

अवांतर: आमच्या आजीकडे दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाचे चार पाय पाणी भरलेल्या चार वाट्यांत असत, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या कपाटाला चाकं लावली असती तर रोज पहाटे वाट्यांतून होड्या चालल्या असत्या.

सदाशिवकर

जुन्या वाड्यातल्या शिसवी पलंगांना पितळी चाकं असायची. वर पितळेची टोपी, खाली चिनी मातीचं पांढरं चाक. आमच्या घरच्या एका पलंगाला अजून आहेत. फिरत नाहीत, शोभेची.

१८७६ साली अमेरिकेत डेव्हिड फिशर नावाच्या कृष्णवर्णीय कारागिराने फर्निचरच्या चाकांचं पेटंट घेतलं होतं. फर्निचरला चाकं त्याच्याही आधीपासून होती, त्याने त्यात सुधारणा केली. म्हणजे दीडशे वर्षं हा धागा चालूच आहे म्हणा.

आता मूळ प्रश्नाकडे. माझं मत, चाक जमिनीला लागूच देऊ नका. पलंग चार पायांवर उभा राहू द्या. डोक्याकडच्या पायांच्या बाहेरच्या अंगाला, ८ सेंमी अंतरावर, दोन चाकं अशी लावा की ती फरशीपासून ३ मिमी वर राहतील. रोज झोपताना पलंग पायांवर, ब्रेकची कटकटच नाही. हलवायचा असेल तेव्हा पायथा उचला. पलंग डोक्याकडच्या पायांवर कलला की चाकं टेकतात आणि पलंग हातगाडीसारखा चालतो. गणित: ८० मिमीला ३ मिमी, तर १९०० मिमी लांबीला ७१ मिमी. म्हणजे पायथा फक्त सात सेंमी उचलायचा.

चक्रधर

पुण्याहून उत्तर आलं. आता वाद मिटणार किंवा पेटणार.

सुलू_वडोदरा

सात सेंमी उचलायचा, पण किलो किती? लोखंडी पलंग पन्नास-साठ किलो, गादी वीस. त्यातलं निम्मं पायथ्याला, म्हणजे पस्तीस-चाळीस किलो. रोज सकाळी कमरेत वाकून. नको हो. माझी कंबर याच कामी गेली.

केतकी_इंदूर

सुलूताईंना +१. शिवाय डोक्याकडे ८ सेंमीवर चाक म्हणजे पलंग आणि डोक्यामागच्या भिंतीत वीतभर फट. उशी त्यात, मोबाइल त्यात, आजींचा चष्मा त्यात. सदाशिवकर, गणित बरोबर आहे, उचलणारं माणूस चुकलंय.

सदाशिवकर

मान्य. आमच्याकडे पलंग मी उचलतो, हे लिहायला विसरलो. (इथे हसणाऱ्यांनी आमच्या घरी येऊन पाहावं.)

पोलोग्राउंड

सदाशिवकरांची युक्ती बागेतल्या बाकासाठी उत्तम आहे. पलंगाला नको.

सिस्टरांनी मोठ्या चाकाचं सांगितलं, त्याचं कारणही लिहून ठेवतो. तेवढंच वजन, तीच फरशी, तर चाकाचा व्यास दुप्पट केला की ते गडगडवायला साधारण निम्मा जोर लागतो. सांध्यात अडकणंही कमी, कारण मोठं चाक खाचेत कमी उतरतं.

वजन किती धरायचं? पलंग साठ, गादी वीस, दोन माणसं एकशेचाळीस. दोनशेवीस. भागिले चार करू नका, भागिले तीन करा. घरच्या फरशीवर चारातलं एक चाक कधीच पुरतं टेकत नाही, तिघंच ओझं वाहतात. म्हणजे प्रत्येकी पंचाहत्तरच्या आसपास. नातवंडं उड्या मारत असतील तर शंभर किलोचं चाक घ्या. उडीचा धक्का वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो.

निवांत_नाना

मंडळी, मी आतापर्यंत थट्टाच केली, आता एक खरं विचारतो. मला यंत्रातलं कळत नाही, आमचं किराण्याचं दुकान होतं.

दुकानाच्या खालच्या फळीत तेलाचे डबे ठेवायला लोखंडी ट्रॉली होती. फळीखालून बाहेर ओढायची, डबा काढायचा, परत आत ढकलायची. तिला चारही चाकं फिक्स होती, वळणारी एकही नव्हती. सगळी एकाच दिशेला तोंड करून. चाळीस वर्षांत एक चाक बदललं, तेही उंदराने रबर खाल्लं म्हणून.

मग माझा प्रश्न असा: पलंगाला वळायचंय कशाला? त्याला कुठे फिरायला जायचंय? भिंतीपासून दीड हात बाहेर यायचं आणि परत आत जायचं. हा तर कप्पा झाला. कप्प्याला वळणारी चाकं कोण लावतो?

चक्रधर

...

नाना, तुम्ही आजपासून निवांत नाही.

केतकी_इंदूर

नानाऽऽ! आणि फिक्स चाक असलं तर मावशींनी कोपरा धरून तिरकं खेचलं तरी ते तिरकं जाणारच नाही?

पोलोग्राउंड

थांबा, मी आधी विरोध नोंदवतो. एका टोकाने ओढलं की कप्पाही आडकतो, हे प्रत्येक घरात दिसतं. पलंग सहा फूट लांब. पायथ्याकडून खेचला की डोक्याकडची बाजू मागे राहणार आणि चाकं फरशीवर आडवी घासणार. वळणारं चाक निदान वळून सुटका करून घेतं. याला सुटका नाही, सगळा जोर पायाच्या सांध्यावर. माझं मत नाही.

निवांत_नाना

ट्रॉली आम्हीही एकाच हाताने, एकाच टोकाला धरून ओढत होतो काका. दुसऱ्या हातात माप असायचं. सरळच यायची.

पोलोग्राउंड

रात्री जेवल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नाना, शब्द मागे घेतो.

लाकडी कप्पा आडकतो कारण त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा असतात, तिरका झाला की कोपरे खाचेत रुततात. पलंगाला खाचा नाहीत, रुतायला काही नाही. रिकामा पलंग गडगडायला दोन-चार किलोचा जोर पुरतो. तोच पलंग जागेवर तिरका वळवायचा तर चाराही चाकं आडवी घासावी लागतात, त्याला त्याच्या कितीतरी पट जोर हवा. म्हणजे कोपऱ्यातून ओढलं तरी वळण्यापेक्षा सरळ येणंच त्याला सोपं. रेल्वेच्या डब्यासारखं, फक्त रुळाविना. आणि सरळ गडगडतंय तोवर पायावर आडवा जोर जवळपास नाहीच.

आणखी एक फायदा मला सुचला नव्हता. फिक्स चाक लांबीच्या दिशेने गडगडतच नाही. आजी उशीला टेकून वर सरकल्या, तरी त्या दिशेला ते नुसत्या पायासारखं घट्ट उभं. डुलणं गेलं, कारण डुलायला पिनच नाही. उलटं होण्याची भानगडही गेली.

पण एक अट आहे. चारही चाकं एकमेकांना अगदी समांतर हवीत. सगळी एकाच बाजूला दोन अंश चुकली तर दीड फुटात पलंग अर्ध्या इंचाहून थोडा जास्त बाजूला जाईल आणि परत ढकलताना त्याच वाटेने येईल, ते चालेल. चार चाकं चार दिशांना चुकली तर ती एकमेकांशी भांडतील आणि पलंग ओढताना कुरकुरेल. कारागिराने डोळ्याने लावू नये. दोन टोकांच्या चाकांना एकच दोरी ताणून, गुण्या (काटकोन मोजायची पट्टी) लावून मगच वेल्डिंगचे टाके मारावेत.

सिस्टर_ग्वाल्हेर

नानांची कल्पना आवडली. पण "ब्रेक नको" असं कुणी म्हणण्याआधी सांगते: हवाच. काठावर बसलेला माणूस उठताना पलंगाला मागे रेटतो, इथे मागे भिंत आहे म्हणून चालून जातं. पण पलंग मुळात भिंतीपासून चार बोटं पुढे राहिलेला असेल तर? मावशी घाईत असतात. आजी उठायला लागतील आणि तेवढी चार बोटं पलंग मागे जाईल. त्या चार बोटांतच माणूस पडतो. मी पडलेली माणसं उचलली आहेत. बाहेरच्या दोन्ही चाकांना ब्रेक लावा, आणि ब्रेकचा खटका लाल रंगवा म्हणजे लावलाय का नाही ते आजींना स्वतःला दिसेल. भिंतीकडच्या चाकांना ब्रेक घेऊन उपयोग नाही, तिथे पाय पोचत नाही.

सुलू_वडोदरा

आणि काळं रबर नको! दुकानात करड्या रंगाचं रबरासारखं चाक मिळतं, डाग न पाडणारं, ते मागा. नुसतं नायलॉन घेतलंत तर डाग नाही पडणार, पण गुळगुळीत टाइलवर ब्रेक लावलेलं चाक तसंच घसरेल. वर सांध्यासांध्यावर खटखट. खाली राहणारे भांडतील.

सदाशिवकर

आणि कधी पलंग खोलीबाहेर काढायचा झाला तर?

निवांत_नाना

तर चार माणसं बोलवायची, चहा पाजायचा. आमच्याकडे तो कार्यक्रम वीस वर्षांत दोनदा झाला. दोन्ही वेळा रंगकाम होतं.

रामबागकर

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, पण पलंग झाला.

कारागीर आधी तयारच नव्हता. "चारो फिक्स? भिया, पलंग है कि ठेला?" मी म्हटलं, ठेलाच समज. मग त्याला रस आला. त्याचा मुलगा माझ्यापेक्षा हुशार निघाला. त्याने पलंग उलटा टाकला, दोन पायांच्या पट्ट्यांवर गवंड्याची दोरी ताणली, खडूने रेघ मारली आणि चाक रेघेला लावून आधी एक-एक टाका मारला. पलंग सुलटा करून फरशीवर चार वेळा पुढेमागे नेला. एक चाक कुरकुरत होतं. तो टाका तोडून पट्टी नखभर फिरवली, मग पक्कं वेल्डिंग. पोलोग्राउंड काका, तुमची दोरी तुम्ही न सांगताच त्याच्याकडे होती.

चाकं तीन इंची, करडी, प्लेटवाली, बाहेरच्या दोघांना ब्रेक. चार इंची लावली असती तर पाय फारच कापावे लागले असते. जुन्यापेक्षा चाक प्लेटसकट दीड इंच उंच होतं, तेवढाच पाय कापला. आईला बसवून पाहिलं, पावलं टेकतात. ब्रेकचे खटके लाल रंगवले, मुलीच्या नेलपॉलिशने.

पहिल्या रात्री फजिती. दोन वाजता आईने हाक मारली, "पलंग टकटक करतोय." कुशीवर वळली की टक. खाली वाकून टॉर्चने पाहिलं तर डोक्याकडचं भिंतीलगतचं चाक फरशीपासून चार मिमी वर! बोटाने भिंगरीसारखं फिरत होतं. फरशी त्या कोपऱ्यात बसलीय. भागिले तीनचा अर्थ त्या रात्री कळला. दुसऱ्या दिवशी सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा कापून त्या प्लेटखाली घातला आणि बोल्ट परत आवळले. टकटक बंद.

मावशी अजूनही एका हातात झाडू, एका हाताने कोपरा धरूनच ओढतात. पलंग सरळ येतो. पहिल्या दिवशी त्या दचकल्या, कारण तिरका येईल या अंदाजाने त्या बाजूला सरकून उभ्या होत्या आणि पलंग थेट नडगीवर आला.

डाग मात्र तिथेच आहेत. चार जुने, तपकिरी. नवी चाकं त्यांच्या शेजारी उभी असतात.

केतकी_इंदूर

मस्त! आणि सव्वासातचं भांडण?

रामबागकर

चालू आहे. आता विषय असा की पलंग एवढा सहज येतो तर तो मी का ओढत नाही.

सिस्टर_ग्वाल्हेर

महिन्यातून एकदा केस कापा. फिक्स चाकातही गुंततात.

पोलोग्राउंड

सहा महिन्यांनी बोल्ट एकदा तपासा. टायरचा तुकडा दबत जाईल, नट ढिला पडेल. आणि कारागिराच्या त्या मुलाचं वय काय, शिकतोय का कुठे?

रामबागकर

@पोलोग्राउंड काका, वीस-एकवीस असेल. बारावीनंतर वडिलांबरोबरच. व्यक्तिगत संदेश करतो.

चक्रधर

जुनी चाकं शाबूत होती म्हणालात ना? किती आहेत? तुळशीच्या कुंडीला तीन हवीत. कुंडीला वळायचं असतं, तिला ऊन लागतं.

रामबागकर

पाच निघाली. काळी आहेत, डाग पडतील, कुंडी गच्चीवर असेल तर चालेल. रविवारी सकाळी या, पोहे-जिलेबी आहेतच.